मंडळी, इगर्ज आणि चर्च : एका जुन्या भांडणाची पार्श्वभूमी

कोल्हापुरातल्या काही ख्रिस्ती घरांत हल्ली रविवारी सकाळी एकाच उंबऱ्यातून माणसं दोन दिशांना बाहेर पडतात. आजी पदर सारखा करत, काखेत 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक घेऊन चर्चला जाते. नातू गाडीला किक मारून कुठल्याशा हॉलमधल्या 'संगती'ला, म्हणजे प्रार्थनासभेला, जातो. माझ्या ओळखीच्या एका घरात यावरून झालेला संवाद मी कानांनी ऐकलाय. नातू म्हणाला, "आजी, चर्च म्हंजे बिल्डिंग न्हवं गं, चर्च म्हंजे माणसं." आजी म्हणाली, "मग मी काय बाकडं हाय व्हय?"

नातवाला वाटतं, हा शोध आत्ता लागलाय. आजीला वाटतं, आपलं जे चाललंय ते पहिल्यापासून असंच आहे. दोघांचाही थोडा गैरसमज आहे, म्हणून मागे जाऊन पाहायला हवं.

सुरुवात शब्दापासून करू. बायबलच्या नव्या करारात ग्रीक शब्द आहे 'एक्लेसिया'. तो मूळचा धर्माचा शब्दच नव्हे. ग्रीक नगरांत दवंडी देऊन बोलावलेली नागरिकांची सभा म्हणजे एक्लेसिया. प्रेषितांच्या कृत्यांच्या १९व्या अध्यायात इफिस शहरात प्रेषित पौलाच्या विरोधात जो जमाव आरडाओरडा करतो, त्यालाही हाच शब्द वापरलाय. हा शब्द लॅटिनमधून पोर्तुगीजांच्या 'इग्रेजा'त गेला आणि आपल्या किनाऱ्याला लागून 'इगर्ज' झाला. इंग्रजांचं 'चर्च' मात्र वेगळ्या मुळाचं. ते 'कुरियाकोन', म्हणजे 'प्रभूचं (घर)', या ग्रीक शब्दावरून आलं. थोडक्यात, एका शब्दाच्या पोटात माणसं होती आणि दुसऱ्याच्या पोटात घर. पण आपल्याकडे येईपर्यंत दोन्ही शब्दांचा अर्थ इमारत असाच होऊन बसला.

मराठी बायबलने मात्र यातला एकही शब्द उचलला नाही. 'मंडळी' असा शब्द ठेवला. मत्तयाच्या १६व्या अध्यायात येशू पेत्राला सांगतो की या खडकावर मी माझी मंडळी रचीन. पंगतीत वाढप्या "चला मंडळी, पानं घेतलीत" म्हणतो, तीच ही मंडळी. आणि आपल्याकडचा जुना गृहस्थ "आमची मंडळी माहेरी गेल्यात" म्हणतो, तीही. पौलाने इफिसकरांच्या पत्रात मंडळी ही ख्रिस्ताची वधू म्हटली आहे, हे लक्षात घेतलं तर भाषांतरकारांच्या हाती नकळत काय लागलं ते कळतं. हा श्लेष ना ग्रीकमध्ये आहे, ना इंग्रजीत. तेव्हा नातू जे सांगतोय ते आजीच्या बायबलात आधीपासून छापलेलं आहे. फक्त आजी 'चर्चला' जाते आणि 'मंडळीत' असते. बोलण्यात दोन्ही शब्द शेजारी शेजारी नांदतात, म्हणून कुणाला अडत नाही.

'परंपरा' या शब्दाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. त्यामागचा ग्रीक शब्द 'पारादोसिस', म्हणजे हातातून हाती सोपवणं. मार्काच्या ७व्या अध्यायात येशू परूश्यांना, म्हणजे ज्यूंमधल्या कर्मठ पंथाला, झापतो की तुम्ही देवाची आज्ञा सोडून माणसांच्या पारादोसिसला धरून बसलात. मराठीत तिथे 'संप्रदाय' असा शब्द आहे. आणि तोच शब्द पौल थेस्सलनीकाकरांना लिहिताना चांगल्या अर्थाने वापरतो : जे सोपवलं ते घट्ट धरा. याहून चमत्कारिक जागा करिंथकरांच्या पहिल्या पत्रात, ११व्या अध्यायात आहे. प्रभुभोजनाच्या वेळी पाळक तोच उतारा वाचतात. पौल म्हणतो, मला जे मिळालं ते मी तुमच्याकडे सोपवलं, की ज्या रात्री येशूला धरून देण्यात आलं त्या रात्री त्याने भाकर घेतली. इथलं 'सोपवलं' आणि 'धरून दिलं' ही ग्रीकमध्ये एकाच क्रियापदाची रूपं आहेत. वारसा देणं आणि शत्रूच्या हाती देणं, दोन्हीला एकच शब्द. परंपरेवर वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंनी हा उतारा एकदा शेजारी बसून वाचावा, असं मला फार दिवस वाटतंय.

पहिली तीनेकशे वर्षं इमारतीचा प्रश्न फारसा नव्हताच. रोमकरांच्या पत्रात प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम सांगितलाय. सीरियातल्या दुरा-युरोपोस इथे तिसऱ्या शतकातलं असं एक घर उकरून काढलं आहे. साधं राहतं घर, भिंत पाडून मोठी केलेली खोली, बाप्तिस्म्यासाठी बांधलेला हौद. ३१३ साली कॉन्स्टंटाइन आणि लिसिनियस या रोमन सम्राटांनी ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली आणि मग मोठ्या वास्तू उभ्या राहिल्या. त्यांचा नमुना देवळाचा नव्हता, रोमन 'बॅसिलिका'चा, म्हणजे कचेरी-न्यायसभेच्या दिवाणखान्याचा होता. पुढे १५१७ नंतर लूथर, काल्विन वगैरे प्रोटेस्टंट सुधारकांनी बायबल हाच शेवटचा आधार असं म्हटलं. कॅथलिकांच्या ट्रेंटच्या परिषदेने १५४६ साली उलट बजावलं की शास्त्र आणि प्रेषितांपासून चालत आलेली परंपरा, दोन्हींचा सारखाच आदर. युरोपातलं हे भांडण आपल्याकडे तयार मालासारखं पेटीबंद होऊन आलं.

कोल्हापुरात ती पेटी आणली रॉयल गूल्ड वायल्डर यांनी, १८५२ साली. ते 'अमेरिकन बोर्ड' या अमेरिकेतल्या मिशनसंस्थेचे मिशनरी, आधी अहमदनगरला होते. इथे आल्यावर त्यांनी शाळांवर जोर दिला, आणि तिथेच ठिणगी पडली. बोर्डाचे सचिव रुफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानचा दौरा करून गेले. त्यांचं म्हणणं असं की मिशनचं काम शाळा चालवणं नव्हे, मंडळ्या उभ्या करणं. आणि त्या मंडळ्यांनी आपला कारभार आपण बघावा, खर्च आपण उचलावा, प्रसार आपण करावा. इंग्लंडमध्ये हेन्री व्हेन हेच मांडत होते. तर्क बिनतोड, पण कोल्हापुरात बसलेल्या माणसाला दिसत होतं ते वेगळंच. अक्षरओळख नसलेल्या माणसाच्या हाती बायबल देऊन 'आता स्वावलंबी हो' म्हणण्यात काय अर्थ? वायल्डर सचिवांशी जाहीरपणे भांडले, बोर्डाशी संबंध तुटला, तरी ते काही वर्षं स्वतःच्या हिमतीवर इथेच काम करत राहिले. १८७० साली हे मिशन प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेलं. त्यांचं नाव आज वायल्डर मेमोरियल चर्चला आहे. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली कोल्हापुरातच जन्मला, आणि पुढे १८८६ मध्ये अमेरिकेत जी विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ उभी राहिली, तिच्यामागच्या प्रमुख माणसांपैकी तो एक.

म्हणजे 'चर्च नेमकं कशासाठी' हा वाद कोल्हापूरच्या मंडळीच्या पायातच भरलेला आहे. वायल्डर आणि अँडरसन यांच्यात कोण बरोबर, यावर माझं मत अजून ठरत नाही. शाळा टिकल्या, त्यांतून सगळ्या जातींची मुलं शिकली. स्वावलंबनाचं मात्र घोडं बराच काळ अडलेलंच राहिलं, आणि याबाबतीत अँडरसन यांना दूरवरून जे दिसलं ते खोटं नव्हतं.

प्रेस्बिटेरियन पद्धतीत बिशप नसतो. मंडळीने निवडलेले 'वडील' आणि पाळक मिळून कारभार बघतात. 'प्रेस्बुटेरोस' या ग्रीक शब्दाचा अर्थच वडील. गावकीची, पंचांची सवय असलेल्या माणसाला हे परकं वाटलं नसणार. शिवाय हे शहर असं, की देव आणि माणूस यांच्यामध्ये कुणी उभं राहायचं हा प्रश्न इथे सगळ्याच धर्मांच्या लोकांच्या तोंडी होता. वेदोक्त प्रकरण कोल्हापुरातच पेटलं. १९११ मध्ये इथे सत्यशोधक समाज निघाला. १९२० साली शाहू महाराजांनी मराठ्यांसाठी क्षात्रजगद्गुरूंचं पीठ स्थापलं. महाराजांच्या काळात निघालेल्या बोर्डिंगांत एक ख्रिस्ती विद्यार्थ्यांचंही होतं. जुन्या कोल्हापुरी ख्रिस्ती माणसाच्या बोलण्यात पाळकाबद्दल आदर असतो, पण धाक नसतो. त्याचं मूळ काल्विनपेक्षा इथल्या हवेत असावं असा माझा तर्क.

मराठी ख्रिस्ती विचारात या प्रश्नावर सगळ्यात धारदार बोलल्या त्या पंडिता रमाबाई. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी अँग्लिकन जोगिणींच्या मठात राहत असताना बाप्तिस्मा घेतला. त्यांनी चर्चची शिकवण जशीच्या तशी मानावी अशी तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांची अपेक्षा. रमाबाईंनी पत्रांतून साफ कळवलं की हिंदुस्थानातल्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलंय, आता तसलंच दुसरं घालून घेणार नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती, त्यावरही त्या अडल्या : लॅटिन आमच्या संस्कृतापेक्षा पवित्र कशी? गंमत अशी की ज्यांच्या लिखाणाने रमाबाई ख्रिस्ताकडे वळल्या ते नीलकंठशास्त्री, म्हणजे नेहेम्या गोरे, नेमके उलट्या वाटेने गेले. १८४८ साली बाप्तिस्मा घेतलेले हे पंडित पुढे अँग्लिकनांतल्या परंपरानिष्ठ गटाकडे ओढले गेले. दोघेही शास्त्र कोळून प्यालेले. एकाला वाटलं, परंपरेविना शास्त्र अधांतरी. दुसरीला वाटलं, परंपरा म्हणजे पुन्हा तेच जू. पण ज्या बाईंना परंपरेचं ओझं नको होतं, त्यांनीच आयुष्याची शेवटची वर्षं केडगावच्या मुक्तिसदनात हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यात घालवली. १९२२ मध्ये त्या वारल्या, भाषांतर १९२४ साली निघालं. बायकांच्या हाती, सोप्या मराठीत सोपवणं. हे पारादोसिस नाही तर काय?

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तिसरीच वाट काढली. १८९५ साली बाप्तिस्मा. आपण तुकोबाच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो असं ते सांगत. अभंग, कीर्तन, भजन त्यांनी उपासनेत आणलं, आणि आज आजीच्या काखेतल्या पुस्तकात टिळकांची गीतं आहेत ती त्यामुळेच. पण १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही ख्रिस्तशिष्य चालणार होते. मिशनच्या चौकटीत ही कल्पना बसण्यासारखी नव्हतीच. १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले आणि दरबार रुजायच्या आतच मोडला. मंडळीची वेस नेमकी कुठे, हा त्यांचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. नातवाच्या 'संगती'तही बाप्तिस्मा न घेतलेले पुष्कळ जण येतात.

विसाव्या शतकात वारं जोडण्याचं वाहिलं. १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एक झाल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चपरंपरा मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. कोल्हापूर त्यातला एक धर्मप्रांत. 'वडिलां'च्या मंडळीला बिशप मिळाला, तो असा. बाळाचा बाप्तिस्मा आणि समज आल्यावरचा बाप्तिस्मा, दोन्हींना जागा ठेवली. कॅथलिकांकडेही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये चर्चला 'देवाची प्रजा' म्हटलं. त्याआधी एक वर्ष माँट्रियलला भरलेल्या निरनिराळ्या चर्चांच्या परिषदेने सुचवलं की मोठ्या अक्षरातली परंपरा, म्हणजे सुवार्ता, वेगळी आणि लहान अक्षरांतल्या परंपरा वेगळ्या. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नसतात, त्यामुळे हा तोडगा आपल्याकडे कानावरून गेला.

जोडल्यावर मिळकतीचे प्रश्न आले. चर्च म्हणजे माणसं हे म्हणायला ठीक, पण सात-बारा कुणाच्या नावावर? गुजरातमधल्या ब्रदरन चर्चच्या खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की विलीनीकरणाचा ठराव केल्याने नोंदणीकृत संस्था आपोआप संपत नाही, आणि मिळकत आपोआप दुसरीकडे जात नाही. कायद्याच्या लेखी चर्च ही ना इमारत, ना माणसं. ती एक नोंद आहे. भल्याभल्या मंडळ्या यात वर्षानुवर्षं झिजल्या.

नातू ज्या हॉलमध्ये जातो तिथे 'आम्ही कुठलीच परंपरा मानत नाही' असं सांगतात. टाळ्या, हात उंचावून प्रार्थना, न शिकलेल्या 'अन्य भाषां'त बोलणं हे सगळं थेट पवित्र आत्म्याकडून. असेलही. पण १९०५ साली केडगावच्या मुक्तिसदनात रमाबाईंच्या मुलींमध्ये जे संजीवन, म्हणजे धार्मिक जागृती, झालं, त्याची बातमी जगभर गेली आणि अशाच उपासनेच्या पेंटेकॉस्टल चळवळीच्या सुरुवातीच्या खुणांत ते मोजलं जातं. पुणे जिल्ह्यातलंच हे गाव. परंपरा नाही म्हणणाऱ्या पोराची परंपरा कोल्हापूरहून एका दिवसाच्या वाटेवर आहे.

आजीच्या बाजूचंही एक सांगायला हवं. तिच्या लेखी सगळ्यात 'जुना' सण म्हणजे हंगामाची उपासना. चर्चमध्ये वेदीपुढे उसाची मोळी, कणसं, भोपळे, केळीचे घड, गुळाची ढेप, एखादी पाय बांधलेली कोंबडी. हा सण आजच्या रूपात १८४३ साली इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये रॉबर्ट हॉकर नावाच्या पाद्र्याने सुरू केला. तिकडे पाव आणि गव्हाच्या पेंढ्या असतात. गुळाची ढेप आपली.

उपासना आटोपली की आवारात लिलाव होतो. गेल्या खेपेला मी उभा होतो. तीच ढेप एकाने बोलीत घेतली आणि तिथल्या तिथे परत दान केली, दुसऱ्याने घेतली, पुन्हा परत. चौथ्या फेरीला मागून आवाज आला तो त्या नातवाचा. सकाळी संगतीला जाऊन तो दुपारी आजीला न्यायला आला होता. पन्नास रुपये वाढवून त्याने ढेप सोडवली. आजी म्हणाली, "आता परत दिऊ नकोस. घरात गूळ संपलाय."