न वाढणारा टिमी : 'फेअरली ऑडपेरंट्स'मागची गोष्ट

२० मे २०२४ रोजी अमेरिकेत निकलोडियन वाहिनीवर 'द फेअरली ऑडपेरंट्स : अ न्यू विश' ही मालिका सुरू झाली. हेझल वेल्स नावाची दहा वर्षांची मुलगी आईवडिलांबरोबर मोठ्या शहरात राहायला येते. मोठा भाऊ कॉलेजसाठी घर सोडून गेलेला, शाळा नवी, ओळखीचं कुणी नाही. इमारतीतलं एक विचित्र शेजारी जोडपं तिच्याशी जरा जास्तच प्रेमाने वागतं. हे दोघं म्हणजे माणसाच्या वेषातले कॉस्मो आणि वांडा, परीलोकातलं नवरा-बायकोचं जोडपं. मुलांच्या इच्छा पुरवण्याच्या नोकरीतून ते निवृत्त झालेले असतात आणि हेझलसाठी पुन्हा कामावर रुजू होतात. जुन्या प्रेक्षकांसाठी मात्र बातमी वेगळीच होती. मालिकेने मान्य करून टाकलं होतं, की मूळ 'फेअरली ऑडपेरंट्स'चा नायक टिमी टर्नर मोठा झाला. २००१पासून पडद्यावर दहाच वर्षांचा राहिलेला हा मुलगा कार्टूनमध्ये मोठा व्हायला तेवीस वर्षं लागली.

हा टिमी कोण, ते आधी सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या मुलांचं बालपण डोरेमॉनने व्यापलं. २००५मध्ये तो हंगामा वाहिनीवर हिंदी बोलत आला आणि नोबिताची रडगाणी घराघरांत पाठ झाली. टिमी म्हणजे नोबिताचा अमेरिकन मावसभाऊच. डिम्सडेल नावाच्या काल्पनिक गावात राहणारा, पुढे आलेल्या दातांचा, गुलाबी टोपी घालणारा. आईबाप वाईट नाहीत, पण सदा बाहेर. त्याला सांभाळायला ठेवलेली विकी म्हणजे चालताबोलता छळ. शाळेत क्रॉकर मास्तर, ज्यांना मुलांना नापास करण्यात खरा आनंद मिळतो. अशा एकट्या पडलेल्या मुलांसाठी परीलोकातून पालक धाडले जातात. टिमीच्या वाट्याला येतात हिरव्या केसांचा बिनडोक कॉस्मो आणि त्याची गुलाबी केसांची, पदोपदी सावध करणारी बायको वांडा. लोकांसमोर ते काचेच्या भांड्यातले दोन मासे. टिमीने इच्छा बोलून दाखवायचा अवकाश, कांड्या हलतात, आणि उरलेला भाग झालेला घोटाळा निस्तरण्यात जातो.

परीलोकातले हे पालक म्हणजे इंग्रजीतले 'गॉडपेरंट्स'. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळासाठी उभे राहणारे हे धर्ममाता-धर्मपिता वसईत किंवा गोव्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. युरोपातल्या परीकथांनी या नात्याला जादूची जोड दिली. शार्ल पेरो यांनी १६९७मध्ये छापलेल्या सिंड्रेलाच्या गोष्टीत भोपळ्याची बग्गी करून देणारी परी ही तिची धर्ममाताच आहे. आणि जादू मध्यरात्रीपर्यंतच टिकेल ही अटही तिथलीच. वर आणि अट जोडीनेच येतात. आपल्याकडे हिरण्यकशिपूने घरात नको, बाहेर नको, दिवसा नको, रात्री नको असं सगळं वकिली थाटात मागून घेतलं आणि नरसिंहाने त्याच शब्दांतली फट शोधली. 'फेअरली ऑडपेरंट्स'चं कथानक याच जातीचं आहे, फक्त इथे वर मागणारा दहा वर्षांचा आहे आणि त्याला फट शोधायची घाई फार.

मालिकेचा जन्म झाला तो एका प्रयोगातून. नव्वदच्या दशकात फ्रेड सायबर्ट हॅना-बार्बेरा या कार्टून स्टुडिओचे प्रमुख होते. कागदावरच्या प्रस्तावांवर चर्चा करत बसण्यापेक्षा चित्रकारांना थेट सहा-सात मिनिटांचे लघुपट करू द्यावेत आणि त्यातून मालिका निवडाव्यात, अशी त्यांची पद्धत. 'डेक्स्टर्स लॅबोरेटरी', 'जॉनी ब्राव्हो', 'पॉवरपफ गर्ल्स' अशाच निघाल्या. पुढे निकलोडियनसाठी त्यांनी तोच खेळ 'ओह येअ! कार्टून्स' या नावाने १९९८मध्ये मांडला. 'जॉनी ब्राव्हो'वर काम केलेले बुच हार्टमन तिथे आले ते टिमी घेऊन. नायकाला मनात येईल तिथे जाता यावं, एवढीच त्यांची सुरुवातीची गरज होती. विज्ञानाच्या यंत्रांचा मार्ग डेक्स्टरने आधीच अडवलेला, म्हणून जादू. जादू म्हटल्यावर परी आली, आणि एकट्या परीपेक्षा भांडणारं जोडपं जास्त मजेदार, म्हणून कॉस्मो आला. टिमीची टोपी गुलाबी का, याचा हार्टमन यांनीच सांगितलेला किस्सा असा, की रंगवताना निळं पेन संपलं. खरं-खोटं तेच जाणोत, पण त्या टोपीवरून टिमीला मालिकाभर टोमणे खावे लागले.

पहिला लघुपट ४ सप्टेंबर १९९८ रोजी दाखवला गेला. असे एकूण दहा झाले. त्यांत टिमीच्या आईवडिलांचे चेहरे दिसतच नाहीत, पडद्यावर नुसती धडं वावरतात. मुलाच्या उंचीवरून जग दाखवायची ही जुनी युक्ती. पुढे चेहरे आले, पण दोघांची खरी नावं मात्र सांगायची नाहीत हा विनोद शेवटपर्यंत चालवला. लघुपटांमध्ये टिमीला मेरी के बर्गमन यांचा आवाज होता. १९९९मध्ये त्यांचं निधन झालं आणि मालिकेसाठी टॅरा स्ट्राँग यांनी तो आवाज उचलला. कॉस्मोचे डॅरन नॉरिस आणि वांडाच्या सुझॅन ब्लेकस्ली मात्र पहिल्या लघुपटापासून २०२४पर्यंत तेच राहिले. नायक बदलला, शैली बदलली, माध्यम बदललं. या दोन गळ्यांना कुणी हात लावला नाही.

३० मार्च २००१ रोजी पूर्ण मालिका सुरू झाली. त्याच दिवशी निकलोडियनने 'इन्व्हेडर झिम'ही आणली होती. झिम वर्षा-दीड वर्षात गुंडाळली गेली आणि नंतर तिचा वेगळाच भक्तसंप्रदाय तयार झाला. टिमी मात्र लगेच चालला. संगीतकार गाय मून यांचं धावतं संगीत, पाहुणे म्हणून टीव्ही सूत्रसंचालक जे लेनो आणि जुन्या टीव्ही बॅटमनचे अॅडम वेस्ट, अमेरिकन पॉप संस्कृतीची सतत चाललेली टिंगल, यांमुळे मुलांच्या शेजारी बसलेल्या मोठ्यांनाही हसायला काही ना काही मिळत असे.

पण मालिका टिकली ती नियमांच्या जाडजूड पोथीमुळे, असं मला वाटतं. 'दा रूल्स' हे तिचं नाव, आणि तिचा रखवालदार यॉर्गन फॉन स्ट्रँगल हा श्वार्झनेगरसारखा उच्चार करणारा पऱ्यांचा पिळदार सेनापती. खऱ्या प्रेमात जादूने ढवळाढवळ करायची नाही, जादूने स्पर्धा जिंकायची नाही, कुणाचा जीव घ्यायचा नाही. सगळ्यात मोठा नियम गुप्ततेचा : आपल्याकडे परीपालक आहेत हे उघड झालं, की ते कायमचे जाणार आणि त्यांची आठवणही पुसली जाणार. सर्वशक्तिमान मित्र असलेल्या नायकाची गोष्ट दुसऱ्या भागातच संपायला हवी. अडचण आली की इच्छा मागायची, झालं. पोथीमुळे ते शक्य होत नाही. नवा नियम लेखकांना हवा तेव्हा सापडतो ही लबाडी आहेच, पण ती राजरोस केलेली आहे.

या नियमाची धार कळते ती क्रॉकर मास्तरांच्या पूर्वकथेत. पऱ्यांच्या नावाने झटके येणारा हा वाकलेला, हास्यास्पद माणूस असा का झाला, हे बघायला टिमी १९७२ सालात जातो. तिथे लहानगा डेन्झेल क्रॉकर गावाचा लाडका आहे, आणि त्याचे परीपालक आहेत खुद्द कॉस्मो आणि वांडा. त्याचं गुपित फुटतं ते टिमीच्या लुडबुडीमुळेच. आठवण पुसली जाते, पण पऱ्या असतात एवढी एक खूणगाठ हातात उरते आणि तिच्यापायी माणूस आयुष्यभर झिजतो. मुलांच्या विनोदी मालिकेत खलनायकाला दिलेली इतकी क्रूर आणि इतकी न्याय्य बाजू फार कमी ठिकाणी पाहायला मिळते. टिमीही एक दिवस असाच होऊ शकतो, हे न बोलता सांगितलेलं.

कारण दुसरा मोठा नियम वयाचा आहे. मूल मोठं झालं की पऱ्या जाणार, आठवणींसकट. २००४च्या 'चॅनल चेझर्स' या दूरचित्रपटाने हे सरळ समोर आणलं. टिमी जादूच्या रिमोटने टीव्हीच्या आत शिरतो, एका कार्यक्रमातून दुसऱ्यात उड्या मारतो आणि वाटेत अर्ध्या अमेरिकन टीव्हीची नक्कल उरकली जाते. पण गमतीच्या खाली एक हट्ट आहे : टीव्हीतली मुलं वाढत नाहीत, म्हणून त्याला तिथेच राहायचं आहे. शेवटी तो परततो, आणि वीस वर्षांनंतरच्या दृश्यात मोठा टिमी दिसतो. त्याला काही आठवत नाही. त्याच्या दोन मुलांकडे मात्र काचेच्या भांड्यात दोन मासे आहेत, एक हिरवा आणि एक गुलाबी. मालिका इथेच थांबली असती, तर तिच्याबद्दल आज वेगळ्या आदराने बोललं गेलं असतं.

ती थांबली नाही. खरं तर २००६मध्ये निर्मिती बंद झाल्याचं हार्टमन यांनी जाहीर केलं होतं, पण २००७मध्ये वाहिनीने आणखी २० भाग मागवले. चालू गाडी थांबवून पुन्हा हाकायची म्हणजे काहीतरी नवं दाखवायला हवं. म्हणून २००८मध्ये कॉस्मो-वांडाला बाळ झालं, पूफ. (परीलोकात बाळंतपण नवऱ्याचं, त्यामुळे पोट कॉस्मोचं वाढलं.) २०१३मध्ये स्पार्की नावाचा जादूचा कुत्रा आला आणि पुढच्या पर्वात गायबही झाला. २०१६मध्ये पऱ्यांचा तुटवडा आहे असं सांगून टिमीला क्लोई या शेजारच्या सर्वगुणसंपन्न मुलीबरोबर पालक वाटून घ्यायला लावलं. पूफ निदान गोड होता. स्पार्की आणि क्लोई ही मात्र थकलेल्या मालिकेची लक्षणं, आणि चाहत्यांनी ती लगेच ओळखली. एकट्या मुलाची गोष्ट होती. घरात एवढी माणसं झाल्यावर तो एकटा कुठे राहिला?

याच काळात वयाचा प्रश्न लेखकांना छळत होता हे दिसतं. २०११ सालीच त्याला दोन उत्तरं दिली गेली. एक खऱ्या नटांना घेऊन केलेल्या दूरचित्रपटात : ड्रेक बेलने साकारलेला टिमी तेवीस वर्षांचा आहे आणि पऱ्या जाऊ नयेत म्हणून अजून पाचवीत, क्रॉकर मास्तरांच्याच वर्गात बसतो. दुसरं अॅनिमेशनमध्ये : टिमीने फार पूर्वी एक गुप्त इच्छा मागितली होती, की कुणाचंच वय वाढू नये, आणि खरं तर तेव्हापासून पन्नास वर्षं उलटली आहेत. कार्टूनमधली मुलं का वाढत नाहीत, या प्रेक्षकांच्या बाळबोध शंकेचं हे उत्तर मला बेहद्द आवडतं. त्यात थोडी भीतीही आहे.

२०१७च्या जुलैमध्ये दहाव्या पर्वाचा शेवटचा भाग निकटून्स या जोडवाहिनीवर, फारसा गाजावाजा न होता लागला. एकूण १७२ भाग. पुढच्या वर्षी हार्टमन निकलोडियन सोडून गेले. मधल्या काळात त्यांनी तिथेच 'डॅनी फँटम' आणि 'टफ पपी' केल्या होत्या.

मालिका संपली तरी तिची चित्रं इंटरनेटवर फिरत राहिली. भिंतीवरच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवून 'माझ्याकडे ट्रॉफी असती तर इथे ठेवली असती' म्हणून ओरडणारा टिमीचा बाप, शेजारच्या डिंकलबर्गच्या नावाने दात खाणारा तोच बाप, स्वतःचं लांबलचक नाव सांगणारा उंच टोपीतला धनाढ्य डग डिमाडोम. मालिकेचा एकही भाग न पाहिलेल्यांनीसुद्धा हे मीम पाठवलेले असतात. वाहिन्यांचं स्ट्रीमिंगकडे वळणं आणि २००१ची मुलं आता कमावती होणं हे एकाच वेळी घडलं, आणि जुन्या नावांना पुन्हा भाव आला.

पहिला प्रयत्न फसला. ३१ मार्च २०२२ रोजी पॅरामाउंट प्लसवर 'फेअरली ऑडर' आली. मुलं खरी, कॉस्मो-वांडा चित्रातले. कॉलेजला निघालेला टिमी आपले पालक चुलत बहीण व्हिव्ह आणि तिचा सावत्र भाऊ रॉय यांच्या हवाली करतो. तेरा भाग झाले आणि २०२३च्या सुरुवातीला मालिका त्या ॲपवरूनच काढून टाकली गेली. टिमीला निरोप द्यायचा तर त्याची किंमत दाखवायला हवी होती. इथे नियम बाजूला सारून वस्तू द्याव्यात तसे पालक देऊन टाकले.

'अ न्यू विश'ने हे सावरलं. कार्यकारी निर्मात्यांमध्ये हार्टमन आणि सायबर्ट यांची नावं असली, तरी मालिका घडवली नव्या लोकांनी. हेझलचा आवाज देणाऱ्या अॅशली क्रिस्टल हेअरस्टन लेखन-निर्मितीतही होत्या. चित्रं संगणकावरची त्रिमितीय, पण चेहऱ्यांचे कोन आणि उड्या जुन्या रेषांच्या. विकीसारखी दुष्ट सांभाळणारी इथे नाही, आईवडीलही समजूतदार. हेझलचं दुःख छळाचं नाही, भाऊ गेल्याचं आणि जागा बदलल्याचं आहे. म्हणून तिच्या इच्छाही वेगळ्या : टिमी बहुतेकदा मोठ्यांवर सूड उगवायला किंवा चैन करायला मागायचा, हेझल बरेचदा काहीतरी पूर्वीसारखं व्हावं म्हणून मागते. घोटाळे तेवढेच होतात. पहिल्या पर्वाचे वीस भाग झाले आणि २०२४ संपण्याआधी ती नेटफ्लिक्सवरही आली.

आणि २००८मध्ये मालिका जगवायला जन्माला घातलेलं ते बाळ? पूफ आता पेरी या नावाने वावरणारा तरुण आहे. त्याच्यावर पहिलीच जबाबदारी आहे डेव्ह डिमाडोमची. हा त्याच डिमाडोम घराण्यातला मुलगा, प्रचंड श्रीमंत, ज्याच्या बापाला त्याच्याकडे बघायला वेळ नाही. पेरीला कामाचा अनुभव शून्य, वर आईबाप त्याच शहरात, त्याच धंद्यात.