ट्रॅक्टर-ट्रॉली : परवाना आणि वजनमर्यादा (नाशिक जिल्हा)

ट्रॅक्टरमागे ट्रॉली जोडून शेतमाल वाहणे नाशिक जिल्ह्यात इतके रुळले आहे, की लासलगावच्या बाजारात कांद्याची आवक 'नगां'त, म्हणजे वाहनांच्या संख्येत, मोजतात. या जोडगाडीला मोटार वाहन कायदा, १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ लागू आहेत.

कायद्याच्या दृष्टीने ही दोन वाहने आहेत. ट्रॅक्टर स्वतः माल वाहत नाही, ओढतो. ट्रॉली हा ट्रेलर, आणि 'मोटार वाहन' या संज्ञेत ट्रेलरही मोडतो. त्यामुळे ट्रॉलीलाही नोंदणी लागते. शिवाय कलम ६१ नुसार ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा क्रमांक (नाशिकचा एमएच १५, मालेगावचा एमएच ४१) ट्रॉलीवर, दोन ट्रॉल्या असल्यास शेवटच्या ट्रॉलीवर, दिसावा लागतो. रात्री मागून येणाऱ्याला ट्रॅक्टर दिसतच नाही, दिसते ती फक्त ट्रॉली.

वाहन चालवण्याच्या परवान्यासाठी ट्रॅक्टरचे रिकामे वजन धरतात. ते ७,५०० किलोपर्यंत असेल तर ट्रॅक्टर 'हलके मोटार वाहन' ठरतो. शेतातला नेहमीचा ट्रॅक्टर दोन-अडीच टनांचा असतो, म्हणजे या मर्यादेच्या खूप आत. ट्रॉली जोडली म्हणून ट्रॅक्टरचा परवाना निरुपयोगी ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये स्पष्ट केले. टोमॅटो-द्राक्षांच्या पिकअपचे गणित वेगळे आहे. तिथे मालासह एकूण वजन ७,५०० किलोच्या आत लागते. तेवढे असल्यास हलक्या वाहनाचा परवाना पुरतो, यावर घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी शिक्कामोर्तब केले.

म्हणजे ट्रॅक्टरच्या परवान्यात ट्रॉलीतले वजन कुठेच येत नाही. अमेरिकेत व्यावसायिक वाहतुकीत जोडगाडीचे एकूण वजन २६,००१ पौंड (सुमारे ११,७९४ किलो) किंवा अधिक आणि त्यात ट्रेलर १०,००० पौंडांहून (सुमारे ४,५३६ किलो) जड असेल, तर वरच्या वर्गाचा परवाना काढावा लागतो. आपल्याकडची ही उणीव गंभीर आहे. मोटारीवर चाचणी दिलेला तरुण भरलेली ट्रॉली घेऊन चांदवडजवळचा राहूड घाट उतरतो, तेव्हा मागचे वजन त्याला पुढे लोटत असते. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येतो. शेतात वळण्यासाठी सुटे ठेवलेले डावे-उजवे ब्रेक रस्त्यावर येताना कडीने जोडायचे राहिले, तर एकच चाक अडते आणि ट्रॅक्टर आडवा होतो. चढावर उलट घडते: हुकावर फार भार आला की पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. उतारावर गाडी न्यूट्रल करू नये, ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे.

वजनावर खरा लगाम कलम ११३ चा आहे. आरसी पुस्तकात नोंदलेल्या एकूण वजनाहून अधिक भरता येत नाही, आणि हा आकडा ट्रॅक्टरचा नव्हे, ट्रॉलीचा पाहायचा असतो. संशय आल्यास अधिकारी वाहन वजनकाट्यावर नेण्यास सांगू शकतो आणि जास्तीचा माल उतरवायला लावू शकतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ खाली दंड २०,००० रुपये, त्यावर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. तीन टन जास्त भरले तर २६,००० रुपये होतात, शिवाय माल उतरवण्याचा खर्च. बाजार समितीत काटा होतोच, पण तो माल विकण्यासाठी. निघताना गावातल्या काट्यावर एकदा वजन पाहिले तर वाटेतला धोका आधीच कळतो.

शेतीच्या ट्रॅक्टरला नियम बिगर-परिवहन वाहन मानतात. भाड्याने वाळू किंवा विटा वाहिल्या, की तो शेतीवापर राहत नाही आणि अपघातानंतर विम्याचा वाद उभा राहतो. छाटणीच्या मजुरांना किंवा सप्तशृंगगडाच्या यात्रेकरूंना ट्रॉलीत बसवणे त्याहून वाईट. मालवाहू वाहनात फुकट बसवलेल्या माणसाची भरपाई विमा कंपनीवर बंधनकारक नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आहे. तेव्हा ती वाहनमालकाच्या अंगावर येते.