मोटार जॅकवर उचलणे व स्टँडवर टेकवणे

चाक बदलणे, ब्रेक पॅड तपासणे, इंजिन ऑइल काढणे, सायलेन्सरचा सुटलेला पट्टा बसवणे अशा घरच्या घरी करता येणाऱ्या कामांसाठी गाडीचा एक कोपरा किंवा एक टोक वर घेऊन स्थिर ठेवण्याची पद्धत. यात दोन निरनिराळी कामे आहेत. गाडी उचलण्याचे काम जॅकचे, ती पेलून धरण्याचे काम स्टँडचे. स्टँड न लावता नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरणे हा यातला सर्वांत घातक प्रकार होय. छातीवर गाडीचा भार आला की बरगड्या हलत नाहीत आणि श्वास थांबतो. हाड मोडलेले नसले तरी माणूस काही मिनिटांत दगावू शकतो.

डिकीत स्टेपनीबरोबर मिळणारा कैचीसारखा स्क्रू जॅक फक्त पंक्चर झालेले चाक बदलण्यापुरता असतो. तो आपोआप खाली बसत नाही, पण तळ अरुंद असल्याने बाजूला कलंडतो. लहान चाकांवर सरकणारा आडवा ट्रॉली जॅक आणि बाटलीसारखा उभा बाटली जॅक तेलाच्या दाबावर चालतात. लहान दट्ट्यावर दिलेला दाब मोठ्या दट्ट्यापर्यंत पोहोचतो आणि तिथे बळ वाढते, हे पास्कलचे तत्त्व. जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये पेटंट घेतलेले दाबयंत्रही याच तत्त्वावरचे. सगळी मदार सीलवर आणि दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हवर असते. सील झिजले किंवा व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला, तर जॅक कधी हळूहळू, तर कधी एकदम खाली येतो. बाटली जॅक टेम्पो-ट्रकसाठी सोयीचा; छोट्या गाडीखाली तो बहुधा मावतच नाही.

स्टँडला गॅरेजात घोडी म्हणतात. दात्यांची आणि आडव्या पिनची असे तिचे दोन मुख्य प्रकार आहेत. दात्यांच्या स्टँडमध्ये खिटी, म्हणजे दातात अडकून भार धरणारा तुकडा, दातात पुरती बसली की नाही, हे डोळ्यांनी पाहावे लागते. २०२० मध्ये अमेरिकेत हार्बर फ्रेट या कंपनीने आपले ३ टनी आणि ६ टनी स्टँड परत मागवले, ते भाराखाली खिटी दातातून निसटण्याचा धोका आढळल्यामुळेच. पिनचा प्रकार ओबडधोबड खरा, पण त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नाही. मुंबईत अशी हत्यारे मशीद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटवर मिळतात, तर कुर्ला-कलिना भागातला सीएसटी रोड जुन्या-नव्या सुट्या भागांसाठी ओळखला जातो. जुना स्टँड घेताना वेल्डिंगला चीर नाही ना, हे उजेडात पाहावे. विटा किंवा सिपोरेक्सचे (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे) ठोकळे स्टँडऐवजी कधीही लावू नयेत. ते दबल्याची चाहूल देत नाहीत, एकदम फुटतात.

गिअर टाकला म्हणजे गाडी जागची हलणार नाही, हा समज अर्धाच खरा आहे. बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते आणि हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो. पुढचे एकच चाक उचलले की डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरच्या रचनेमुळे) ते हवेत फिरू शकते आणि जमिनीवरचे दुसरे चाक मोकळे होते. अशा वेळी गिअर किंवा ऑटोमॅटिकमधली पार्क स्थिती निरुपयोगी ठरते, सगळा भरवसा हँडब्रेकवर. याउलट मागची दोन्ही चाके वर घेतली तर हँडब्रेकला धरायला काही उरत नाही. म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर किंवा ठोकळा लावतात. रस्त्यावर दगड लावला जातो. गोल दगड मात्र टायरखालून सटकतो.

मुंबईत खरी अडचण हत्यारांची नसून जमिनीची आहे. स्वतःचे गॅरेज असणारी घरे मोजकीच. काम होते ते सोसायटीच्या आवारात नाहीतर गल्लीत. आवारातले पेव्हर ब्लॉक साधारण ६० ते ८० मिलिमीटर जाडीचे आणि वाळूच्या थरावर मांडलेले असतात. पावसाळ्यात खालची वाळू वाहून गेली की ब्लॉक डुगडुगतो आणि स्टँडचा नेमका एकच पाय खचतो. त्यांच्या फटींत ट्रॉली जॅकची लहान चाकेही अडतात. हे साधे वाटते, पण जॅकचे डोके वर जाताना कमानीत सरकते, त्यामुळे जॅकला थोडे पुढेमागे जाता यायला हवे. तो अडला तर डोके टेकलेल्या जागेवरून घसरते. मे महिन्याच्या उन्हात डांबर मऊ होऊन स्टँडचे पाय त्यात रुततात. दोन्हींवर उपाय म्हणून खाली जाड मरीन प्लायचा रुंद तुकडा ठेवतात. स्टिल्टखालचा, म्हणजे इमारतीच्या खांबांमधल्या पार्किंगचा, सपाट कोबा सर्वांत बरा. पेडर रोडसारख्या चढावर किंवा पोडियमच्या रॅम्पवर गाडी उचलूच नये आणि यांत्रिक पार्किंगच्या लोखंडी फळीवर तर मुळीच नाही. रस्त्याकडेला खोका अंथरून नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली झोपणारे मेकॅनिक शहरभर दिसतात. ती सवय आहे, पद्धत नव्हे.

जॅक व स्टँड लावण्याच्या जागा गाडीच्या माहितीपुस्तकात दिलेल्या असतात. बहुधा दाराखालच्या पत्र्याच्या दुमडलेल्या कडेवर, चाकाजवळ, दोन खाचांमधला भाग यासाठी मजबूत केलेला असतो. ऑइल संप (इंजिनाच्या तळाचे तेलाचे भांडे), गिअरबॉक्स किंवा पातळ तळपत्र्याला जॅक लावला की भाग चेपतो. विजेवर चालणाऱ्या गाड्यांत तळाशी बॅटरी असल्यामुळे ठरलेल्या जागेपासून थोडेसेही सरकून चालत नाही.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच जरा ढिले करतात. स्टँडवर भार आल्यावर गाडीला बाहेरून जोर लावून हलवून बघतात. हलायची असेल तर ती कोणी खाली नसताना हललेली बरी. गाडी घसरलीच तर त्यावर अडावी म्हणून काढलेले चाक दाराखालच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवतात. काम आटोपल्यावर जॅकने गाडी किंचित वर घेऊन स्टँड काढतात आणि व्हॉल्व्ह अगदी सावकाश सोडतात. नट शेवटचे आवळायचे ते चाक जमिनीला टेकल्यावर, समोरासमोरच्या जोडीने; थोडे अंतर गाडी चालवून झाली की त्यांना पुन्हा एकदा पाना लावून पाहतात.