ट्रॉम्सो–लाँगयीअरब्येन हवाई मार्ग

नॉर्वेच्या मुख्य भूमीवरील ट्रॉम्सो आणि स्वालबार द्वीपसमूहातील लाँगयीअरब्येन या दोन विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे ९६० किमी. आहे. थेट उड्डाणाला वेळापत्रकात साधारणपणे १ तास ४० मिनिटे धरलेली असतात. लाँगयीअरब्येनचा विमानतळ ७८° उत्तर अक्षांशाच्याही पलीकडे असून, नियमित प्रवासी विमानसेवा असलेला तो जगातील सर्वांत उत्तरेकडचा विमानतळ मानला जातो.

अंतर मोजताना नेहमीचा मर्केटर नकाशा येथे फार फसवतो. या अक्षांशांवर तो अंतरे ताणून दाखवत असल्यामुळे हा मार्ग विषुववृत्ताजवळच्या तेवढ्याच लांबीच्या मार्गापेक्षा तिपटीहून अधिक लांब दिसतो. म्हणून अंतर पृथ्वीच्या गोलावरूनच, म्हणजे बृहद्वृत्ताच्या कंसावरून (गोलावरील दोन ठिकाणांना जोडणाऱ्या सर्वांत जवळच्या मार्गावरून) काढावे लागते. विषुववृत्तावर सुमारे १११ किमी. असलेले एक अंश रेखांशाचे अंतर ट्रॉम्सोपाशी ३९ किमी., तर लाँगयीअरब्येनपाशी जेमतेम २३ किमी. उरते, त्यामुळे दोन्ही ठिकाणांच्या रेखांशांत साडेतीन अंशांचा फरक असूनही मार्ग जवळजवळ सरळ उत्तरेकडे जातो. जवळपास सगळा प्रवास समुद्रावरून होतो आणि साधारण मध्यावर बेअर बेट पूर्वेला राहते. दोन्ही ठिकाणची घड्याळे एकच वेळ दाखवत असल्याने वेळेचा हिशेब मात्र सोपा असतो.

ताशी ८०० किमी. वेगाने हे अंतर सव्वा तासाच्या आतच कापता येईल. पण धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, खाली येणे आणि उतरल्यावर थांब्यापर्यंत पोहोचणे हा सारा वेळ त्यात मिळवावा लागतो. हवामानाचा प्रश्न याहून गंभीर आहे. धुके किंवा हिमवर्षावामुळे लाँगयीअरब्येनला उतरता आले नाही, तर मोठ्या प्रवासी विमानाला सोयीचा दुसरा विमानतळ जवळपास नसतो. म्हणून मुख्य भूमीकडे परतण्याइतके इंधन बरोबर ठेवणे ही येथे चैन नव्हे, तर गरज आहे. शिवाय धावपट्टी कायम गोठलेल्या जमिनीवर बांधलेली असून, खालचा बर्फ वितळला की ती खचते व तिची वारंवार डागडुजी करावी लागते.

१९७५ साली हा विमानतळ सुरू होण्यापूर्वी हिवाळ्यात समुद्र गोठला की जहाजे बंद होत आणि खाणकामगारांच्या या वस्तीचा बाहेरच्या जगाशी संपर्क बहुतांशी तुटत असे. हे ध्यानात घेतले, तर दोन तासांहून कमी वेळाच्या या उड्डाणाचे मोल कळते.

स्वालबारवर नॉर्वेचे सार्वभौमत्व असले, तरी हा प्रदेश शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे आपसांतील सीमांवर पारपत्र तपासणी न करणाऱ्या युरोपीय देशांच्या क्षेत्राबाहेर, आहे. त्यामुळे ऑस्लोहून ट्रॉम्सोमार्गे जाणाऱ्या प्रवाशांना ट्रॉम्सोला विमानातून उतरून पारपत्र तपासणी करून घ्यावी लागते, आणि प्रत्यक्ष प्रवासाचा काळ उड्डाणाच्या वेळेपेक्षा बराच वाढतो. स्वालबारमधीलच न्यू ऑलेसुंड येथील ‘हिमाद्री’ या २००८ मध्ये सुरू झालेल्या भारतीय संशोधन केंद्रात जाणारे शास्त्रज्ञ लाँगयीअरब्येनमार्गेच जातात. पुढचे सुमारे ११० किमी. अंतर लहान विमानाने अर्ध्या तासाच्या आत पार होते.