विंचू उतरला म्हणजे काय झालं?

रायगडच्या खेड्यांत पेंढ्याची उडवी मोडताना किंवा गडग्याचे धोंडे हलवताना विंचू चावला, की पूर्वी पहिली धाव भगताकडे असे. मंत्र चाले, कळ ओसरे, घरचे सुटकेचा श्वास टाकत, ‘उतरला!’ बहुतेकदा खरोखर काही होत नसे. पुष्कळसे दंश नुसते ठणकून थांबतात. पण लाल विंचवाने चावलेली काही पोरं, कळ फारशी नसतानाच, रात्रीतून जात.

या कोड्यामागे डॉ. हिंमतराव बावस्कर लागले. मूळचे जालना जिल्ह्यातले बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. यंत्रं नव्हती. खाटेशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास, हातापायांचा गारठा टिपायचा, एवढंच शक्य होतं. मला वाटतं, त्यामुळेच त्यांना दंशाच्या जागेपलीकडचं दिसलं.

लाल विंचवाचं विष मज्जातंतूंमधली सोडियमची दारं उघडीच ठेवतं. मग मज्जातंतू संदेश धाडायचे थांबायचं नाव घेत नाहीत. आधी ओकारी, लाळ, दरदरून घाम. मग मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी आणि मज्जातंतूंची टोकं मिळून अ‍ॅड्रिनलिन, नॉरअ‍ॅड्रिनलिन रक्तात ओततात. वाघ समोर आला तर पळायला हीच रसायनं कामी येतात. इथे वाघ नाही आणि ओतणं थांबत नाही. रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय बर्फासारखे गार पडतात, हृदयाला आवळलेल्या नळ्यांत रक्त रेटावं लागतं. इन्सुलिन दबतं, रक्तातली साखर चढते, चरबी विरघळून फॅटी अ‍ॅसिड्स वाढतात आणि आधीच दमलेल्या हृदयाला तीही जाचतात. शेवटी फुप्फुसांत पाणी भरतं. म्हणजे मरण विंचवाच्या विषाने सुरू होतं, पण पुढचं काम आपलेच हॉर्मोन करतात.

ही साखळी कळल्यावर औषध शोधणं सोपं झालं, असं आज म्हणता येतं. प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी अ‍ॅड्रिनलिनचा रक्तवाहिन्यांवरचा अंमल अडवते आणि आवळलेल्या वाहिन्या सैल करते. सलाईनचा थाट नको, अतिदक्षता विभाग नको. आरोग्य केंद्रातही ती देता येते. फक्त रुग्णाला आडवं ठेवायचं, कारण उठून बसला तर दाब एकदम उतरतो. १९८६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे उपचार छापून आले. प्राझोसिनच्या आधी पश्चिम भारतात फुप्फुसांत पाणी भरून २५ ते ३० टक्के रुग्ण दगावत. नंतर हे प्रमाण १ टक्क्याच्या खाली आलं.

विष मात्र तसंच राहतं. त्यावर प्रतिविष लागतं. डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी महाडमध्येच ७० रुग्णांवर तुलना केली. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात प्राझोसिनसोबत प्रतिविष मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले, नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी ८. २०२२ साली बावस्करांना पद्मश्री मिळाली.

त्यांच्या नोंदींतली एक गोष्ट भगताला नक्कीच गोंधळात टाकेल. विष अंगभर भिनलेल्या रुग्णाला दंशाच्या जागी दुखत नाही किंवा थोडंच दुखतं. हातपाय ऊबदार होऊ लागले, की तिथली कळ परत येते. मूल ‘दुखतंय’ म्हणून रडायला लागतं आणि खाटेशी बसलेला डॉक्टर जरा सैलावतो.