ताक

दही घुसळून त्यातले लोणी काढून घेतल्यावर उरणारे पातळ, आंबट पेय म्हणजे ताक. शब्द संस्कृत ‘तक्र’वरून आला. आज बऱ्याच घरांत दह्यात पाणी घालून रवी फिरवली की त्यालाच ताक म्हणतात, लोणी काढायच्या भानगडीत कोणी पडत नाही. काटेकोरपणे पाहिले तर ते पातळ केलेले दहीच. जुन्या वैद्यांनी हे भेद नावांनिशी सांभाळले होते. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात सायीसकट, बिनपाण्याचे ते घोल. साय काढलेले ते मथित. चौथाई पाण्याचे तक्र. निम्म्या पाण्याचे उदश्वित. आणि लोणी काढून भरपूर पाणी घातलेली छच्छिका. आपल्या जेवणातल्या पातळ ताकाचे नाव खरे तर शेवटचे.

कोमट दुधात चमचाभर विरजण कालवले की त्यातले जिवाणू दुग्धशर्करेचे लॅक्टिक आम्ल करू लागतात. आम्लता वाढून सामू (पीएच) ४.६ च्या आसपास उतरला की केसीन हे प्रथिन आळते आणि दही लागते. घरच्या विरजणात लॅक्टोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस, लॅक्टोबॅसिलस अशा जिवाणूंची सरमिसळ असते. घरागणिक दह्याची चव बदलते ती बरीचशी त्यामुळे. घुसळताना स्निग्धकणांवरचे पातळ आवरण फाटते, कण एकमेकांना चिकटतात आणि रवीभोवती लोण्याचे दाणे दिसू लागतात. उन्हाळ्यात लोणी विरघळू नये म्हणून गार पाणी घालतात, थंडीत ते जमून यावे म्हणून कोमट.

ताक पोटाला चांगले, हे आयुर्वेदाने फार पूर्वी सांगितले. चरकसंहितेत मूळव्याध आणि ग्रहणी (पचन बिघडवणारा आतड्यांचा आजार) या विकारांत ते दिले आहे. जिवाणूंचा दुवा विसाव्या शतकात जुळला. १९०५ मध्ये बल्गेरियाच्या स्तामेन ग्रिगोरोव्ह यांनी जिनिव्हात शिकत असताना बल्गेरियातल्या दह्यातला दंडाकार जिवाणू ओळखला. त्यावरून पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले इल्या मेचनिकॉव्ह यांनी आंबवलेल्या दुधाने म्हातारपण लांबणीवर पडते, असा सिद्धांत मांडला. (त्यांना १९०८ चे नोबेल मिळाले ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी, दह्याच्या जाहिराती हे सोयीस्कर विसरतात.) जपानमध्ये मिनोरू शिरोता यांनी १९३० मध्ये वेगळा काढलेला जिवाणू १९३५ पासून ‘याकुल्ट’च्या छोट्या बाटलीतून विकला जाऊ लागला.

यातले पक्के किती? ज्यांना दूध पचत नाही, त्यातल्या अनेकांना दही-ताक सोसते, हे नक्की. विरजताना थोडी दुग्धशर्करा आधीच खर्च होते, आणि जिवंत जिवाणू आपले विकर (एन्झाइम) लहान आतड्यात पोचवून उरलेली फोडायला मदत करतात. मात्र हे जिवाणू आतड्यात घर करत नाहीत. ते वाटसरू, ताक बंद केले की काही दिवसांत दिसेनासे होतात. मोठ्या आतड्यात कायम वस्तीला असलेल्या जिवाणूंना लागतो तंतुमय पदार्थ. त्यातून ते ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात आणि आतड्याच्या अस्तराचे पोषण होते. ज्वारीची भाकरी कुस्करून ताकात कालवलेली असेल, तर पाहुणे आणि घरचे अशा दोघांचीही सोय होते. भाकरीवाचून नुसत्या ताकाची थोरवी गाणे अर्धवट आहे.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०२१ मधल्या एका प्रयोगात दहा आठवडे आंबवलेले पदार्थ भरपूर खाणाऱ्यांच्या आतड्यांतील जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातली दाहदर्शक प्रथिने घटली. पण सहभागी जेमतेम ३६, आणि पदार्थही नाना तऱ्हेचे. श्रेय ताकाला देता येत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२४ मध्ये दही आणि टाइप २ मधुमेहाचा कमी धोका यांची सांगड घालणारा मजकूर वेष्टनावर छापायला मुभा दिली, तीही ‘पुरावा मर्यादित’ असे नमूद करण्याच्या अटीवर. तेव्हा ‘ताक पिऊन साखर उतरते’ हे औषधाच्या गोळीला पर्याय म्हणून कोणी सांगू लागले तर ऐकू नये. सरबत किंवा बाटलीबंद थंड पेयाऐवजी ताक घेतले तर साखर पोटात कमी जाते, हा फायदा साधा पण खरा. लोणी काढलेल्या ताकात स्निग्धांशही नाममात्र. रक्तदाब असलेल्यांनी मिठाचा हात आखडता ठेवावा. मठ्ठ्यात आले, कोथिंबीर, जिरे पुरेसे बोलतात.

कढीला उकळी फुटली की जिवाणू मरतात. आंबटपणा तेवढा मागे राहतो, आणि कढी पिणाऱ्याला तोच हवा असतो.