पोलाद जमशेदपूरचे, कारखाने पश्चिमेचे

1950 च्या दशकात केंद्र सरकारने एक नियम केला: पोलाद देशात कुठेही घ्या, रेल्वेच्या मालधक्क्यावर भाव एकच. खरेदीदार जमशेदपूरच्या शेजारचा असो की दूर मुंबईचा, वाहतुकीच्या खर्चाची सरासरी काढून तो सगळ्यांवर सारखा वाटला जाई. याला भाडे समानीकरण म्हणत. हेतू चांगला होता. उद्योग काही ठिकाणीच न साचता देशभर पसरावेत, मागास भागांनाही संधी मिळावी.

घडले वेगळेच. पोलाद वापरून यंत्रे, पंप, मोटारी बनवणारा कारखानदार जागा निवडताना हिशेब करतो. कच्चा माल जवळ असेल तर भाडे वाचते, ग्राहक जवळ असेल तर विक्री सोपी होते. नियमाने यातला पहिला फायदाच पुसून टाकला. मग खाणींजवळ राहायचे कशाला? बंदर, बँका, कुशल कामगार आणि मोठी बाजारपेठ पश्चिमेकडे होती. झारखंड तेव्हा बिहारमध्येच होते. त्या बिहारकडे, ओडिशाकडे आणि बंगालकडे खनिजाचा जो नैसर्गिक लाभ होता, तो असा संपला. पश्चिमेच्या कापसाला मात्र असे समानीकरण लागू नव्हते. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला पोलादावरचा हा नियम उठला, तोवर पुण्या-मुंबईकडे उद्योगांचे जाळे पक्के विणले गेले होते.

सगळे खापर या एका नियमावर फोडणे चूक ठरेल. फाळणीने बंगालचा ताग उद्योग दुभंगला, पुढे कामगार संघर्षही झाले. इकडे 1962 मध्ये एमआयडीसी आली. तरी आकडे अस्वस्थ करतात. 1960-61 मध्ये पश्चिम बंगालचे दरडोई उत्पन्न राष्ट्रीय सरासरीच्या सुमारे 127 टक्के होते. 2023-24 मध्ये ते 84 टक्क्यांच्या आसपास आले. त्याच 2023-24 मध्ये महाराष्ट्राचे सुमारे 150 टक्के होते, बिहारचे जेमतेम एक तृतीयांश.

अर्थव्यवस्था वाढताना प्रदेशांत दरी पडणे नवे नाही. अर्थतज्ज्ञ जेफ्री विल्यमसन यांनी 1965 मध्ये मांडले की विकासाच्या सुरुवातीला दरी रुंदावते आणि देश पुरेसा श्रीमंत झाला की ती कमी होऊ लागते. त्याआधी, 1957 मध्ये, स्वीडिश अर्थतज्ज्ञ गुन्नार मिर्दाल यांनी उलट इशारा दिला होता: पुढे गेलेला प्रदेश मागच्याचे भांडवल आणि तरुण माणसे ओढून घेतो, म्हणून दरी आपणहून मिटेलच असे नाही. अमेरिकेच्या राज्यांचा अनुभव विल्यमसन यांच्या बाजूने आहे. दरवर्षी सुमारे 2 टक्क्यांनी अंतर कमी होत असल्याचे तिथे आढळले. या वेगाने दरी निम्मी व्हायलाच 35 वर्षे लागतात. भारताचे चित्र मला मिर्दाल यांच्या जवळचे वाटते. 2016-17 च्या आर्थिक सर्वेक्षणानेही नोंदवले की आपली गरीब राज्ये श्रीमंतांना गाठत नाहीत, अंतर उलट वाढते आहे. आणि हे नुकसान फक्त बिहारचे नाही. ज्या भागातली मुले नीट शिकत नाहीत, त्यांचे कौशल्य सगळ्या देशाच्या उत्पादनातून वजा होते.

भावात फेरफार करून ही दरी बुजत नाही, हे भाडे समानीकरणाने दाखवले. पाणी, रस्ते, वीज, शाळा यांचे काय? महाराष्ट्रात अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या समितीने 1984 च्या अहवालात नेमके तेच मोजले. प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागे आहे आणि ते भरून काढायला किती खर्च येईल, याला तिने अनुशेष म्हटले. तो निघाला सुमारे 3,187 कोटी रुपये. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे 39 टक्के, मराठवाड्याचा 24. उरलेला 37 टक्के ‘उर्वरित महाराष्ट्रा’तच होता. प्रगत म्हणवणाऱ्या विभागाच्या पोटातही कोकणासारखे भाग मागे पडलेले होते. त्या मोजणीला चार दशके झाली. विभागांच्या समतोल विकासासाठी 1994 मध्ये स्थापन झालेल्या वैधानिक विकास मंडळांची मुदतही 30 एप्रिल 2020 रोजी संपली. तालुक्यागणिक अशी मोजणी पुन्हा व्हायला हवी.